हवेचा हिशेब

नोव्ही, मिशिगन

चि. सोनूस,


तुझा निरोप पोचला. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरने पी ११२८ आणि पी ११३० असे दोन कोड दाखवले, गॅरेजवाला म्हणाला "मास एअरफ्लो सेन्सर गेलाय", आणि नेटवर तुला तो चार वेगवेगळ्या किमतींना दिसला. त्यातला कोणता मागवू, एवढंच तुला विचारायचं आहे. उत्तर एका ओळीचं आहे: अजून कोणताच मागवू नकोस. पण एका ओळीचं पत्र तुझ्या काकाला लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझे बाबा मला अजून फोनवर विचारतात की दोनच माणसं बसतील अशी, वीस वर्षांहून जुनी गाडी पोरीनं घेतली कशाला. मी त्यांना सांगितलं की २००१ ची पोर्श बॉक्स्टर आहे, इंजिन सीटच्या मागे आहे, पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या आहेत, तेव्हा भाजी ठेवायला जागा कमी नाही. त्यांचं समाधान झालं असं वाटत नाही. माझं मात्र झालं. इतक्या जुन्या गाडीत अजून बरंच काही मोजून, तपासून समजून घेता येतं. आयुष्यभर इंजिन कॅलिब्रेशन केलेल्या माणसाला त्यात आनंद वाटणारच.

आता कोडकडे येऊ. असा कोड सुट्या भागाचं नाव सांगत नाही. संगणकाचा हिशेब जुळला नाही, एवढंच तो सांगतो. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला संगणकाला आत जाणाऱ्या हवेचं वजन कळावं लागतं, कारण एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ते वजन मास एअरफ्लो सेन्सर सांगतो. त्यावरून पेट्रोल सोडलं जातं, आणि जळून झाल्यावर एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर बघतात की प्राणवायू उरला का. उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, मिश्रण पातळ झालं. मग संगणक पुढे थोडं पेट्रोल वाढवून सोडतो. ही वाढ-घट टक्क्यांत मोजतात आणि तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. तीन-चार टक्के इकडेतिकडे चालायचंच. वाढवत वाढवत ठरलेली मर्यादा ओलांडली की दिवा लागतो. तुझे दोन कोड म्हणजे हेच: दोन्ही बाजूंचं मिश्रण पातळ आहे आणि भरपाई करायला आता वाव उरलेला नाही.

'दोन्ही बाजूंचं' हे महत्त्वाचं. तुझ्या इंजिनात तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे आहेत. प्रत्येक बाजूचे ऑक्सिजन सेन्सर वेगळे, पण हवा मोजणारा सेन्सर दोघांत मिळून एकच. एकाच बाजूचा कोड आला असता तर मी एअरफ्लो सेन्सरला तिथल्या तिथे सोडून दिलं असतं आणि त्या बाजूच्या एक्झॉस्टची गळती, त्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर असं काही शोधायला सांगितलं असतं. दोन्हीकडे कोड आला म्हणजे कारण सामाईक आहे. गॅरेजवाला इथवर बरोबर आला आणि थांबला. सामाईक कारणं तीन असू शकतात: सेन्सर हवा कमी सांगतोय, सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय, किंवा पेट्रोलच पुरेशा दाबानं येत नाही. या तिघांपैकी सेन्सर बदलायला सगळ्यात सोपा. वरून हात घालून दोन स्क्रू काढले की झालं. त्यामुळेच तो वारंवार बदलला जातो. तो खरोखर बिघडलेला असतो म्हणून नव्हे.

तिघांना वेगळं काढायची रीत मात्र फुकट आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर आयडलला उभी ठेवून लाँग टर्म ट्रिम, म्हणजे संगणकानं शिकून साठवलेली वाढ-घट, वाच. मग ३,००० फेऱ्यांवर धरून पुन्हा वाच. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत निर्वात जोरदार असतो, आणि इंजिनाला हवा थोडीच लागते. अशा वेळी एखाद्या फटीतून थोडीशी चोरटी हवा आली तरी एकूण हवेत तिचा वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की निर्वात कमी होतो, एकूण हवा कितीतरी पटींनी वाढते, आणि तीच फट नगण्य होते. म्हणून आयडलला अधिक १५ आणि ३,००० वर अधिक ३ दिसलं तर ती गळती. उलट, आयडलला सगळं ठीक आणि जसजसा भार वाढेल तसतसा आकडा चढत गेला, तर सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब. पोर्शसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तुझ्याकडे असेल तर त्यात हे दोन भाग वेगळे दिसतात: आरकॅट हा आयडलजवळच्या दुरुस्तीचा आकडा, आणि एफआरए हा वरच्या भाराचा गुणक, जो १.०० च्या आसपास असायला हवा. पहिला फुगलेला आणि दुसरा शांत असेल तर सेन्सरचं नावसुद्धा काढू नकोस.

गळती शोधायला कुठून सुरुवात करायची? मागची डिकी उघड. ऑइल भरायचं झाकण तिथे आहे. ते नीट बसलंय का, त्याचं रबर कडक झालंय का, बघ. हसू नकोस, या इंजिनात क्रँककेसची हवा एका ऑइल सेपरेटरमधून पुन्हा इनटेकमध्ये ओढली जाते, त्यामुळे सैल झाकण म्हणजे इनटेकला पडलेलं भोकच. त्यानंतर इंजिन आयडलला चालू ठेवून ते झाकण उचलून बघ. हलकी ओढ जाणवणं ठीक आहे. पण झाकण हाताला सुटतच नसेल, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं, तर सेपरेटरचा पडदा फाटलाय असं समज. त्याचं दुसरं लक्षण म्हणजे गाडी चालू करताना मागे पांढऱ्या धुराचा लोट. हा सेपरेटर या इंजिनाचा प्रसिद्ध दुखरा भाग आहे आणि तो बदलणं सेन्सर बदलण्याइतकं सोपं मुळीच नाही, म्हणून त्याचं नाव गॅरेजवाल्याच्या तोंडी उशिरा येतं. तिथे काही सापडलं नाही तर सेन्सर आणि थ्रॉटलमधली रबरी नळी, तिचे क्लॅम्प, बारीक व्हॅक्यूम नळ्या. तुझ्या डेन्व्हरच्या कोरड्या थंडीत रबराला चिरा पडायला वेळ लागत नाही. हे सगळं डोळ्यांनी दिसलं नाही तर पैसे देऊन धुराची चाचणी करून घे. इनटेकमध्ये धूर भरला की तो जिथून बाहेर येतो ती तुझी फट. हे पैसे वाया जात नाहीत.

एक लक्षात ठेव. फट सेन्सरच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या पेटीत असेल तर हिशेब बिघडत नाही, कारण ती हवाही सेन्सरवरूनच जाते. धूळ मात्र आत जाते, म्हणून ती पेटीही नीट बंद हवी.

समज, गळती नाही. आता सेन्सर आणि पेट्रोल यांच्यात निवाडा करायचा. इथे लोक कनेक्टर काढून गाडी चालवून बघतात. कनेक्टर काढला की संगणक थ्रॉटलच्या उघडझापीवरून आणि फेऱ्यांवरून हवेचा अंदाज बांधतो, आणि गाडी बरी चालली तर सेन्सर खराब, असा निकाल देतात. मला ही परीक्षा कच्ची वाटते. आणीबाणीत अंदाज म्हणून ठीक, पण तिच्या भरवशावर पैसे खर्च करू नयेत. आपल्याला दुसरी रीत उपलब्ध आहे, आणि ती गुणाकाराची आहे.

तुझं इंजिन २.७ लिटरचं. दोन फेऱ्यांत ते एकदा पुरतं भरतं. ६,५०० फेऱ्यांना मिनिटाला ३,२५० वेळा भरलं, म्हणजे सुमारे ८,७७५ लिटर, म्हणजे सेकंदाला १४६ लिटर हवा. समुद्रसपाटीला एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा असताना सेन्सरनं सेकंदाला १७५ ग्रॅमच्या आसपास आकडा दाखवायला हवा. दुसऱ्या बाजूनं पडताळून बघ: या इंजिनाची ताकद सव्वादोनशेच्या जरा खाली, २१७ अश्वशक्ती, आणि एका अश्वशक्तीला सेकंदाला साधारण ०.८ ग्रॅम हवा लागते हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. गुणाकार करून बघ, पुन्हा तिथेच येशील. दोन वाटांनी तोच आकडा आला की मला फार बरं वाटतं.

पण तू डेन्व्हरला राहतेस. समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर, महाबळेश्वरपेक्षाही वर. तिथे हवेचा दाब सुमारे ८३ किलोपास्कल, आणि वीस अंश तापमानाला लिटरभर हवेचं वजन जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे तुझ्या गाडीत अगदी निरोगी सेन्सरसुद्धा १४५ च्या आसपासच दाखवेल. कडक थंडीत दहाएक जास्त. आता लॉस एंजेलिसमधल्या एखाद्यानं आपल्या बॉक्स्टरचा आकडा १७० लिहिलेला तू वाचलास आणि आपला १४५ बघितलास, तर तू सेन्सरला फाशी दिलीच म्हणून समज. आम्ही उंचीवरच्या चाचण्यांसाठी गाड्या मुद्दाम तुझ्याच राज्यात घेऊन यायचो. नव्या मुलांपैकी कुणीतरी पहिल्याच दिवशी "सर, एअरफ्लो कमी दाखवतोय" म्हणून धावत यायचाच. त्याला आम्ही बाहेर नेऊन डोंगर दाखवायचो.

ही चाचणी कशी करायची ते सांगतो. हायवेला लागणारा मोकळा रॅम्प निवड, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाब आणि ६,५०० पर्यंत जाऊ दे. वेग ताशी साठ-पासष्ट मैलांच्या आसपास असेल, म्हणजे तेवढी मर्यादा असलेल्या हायवेवर बेकायदा काही नाही. स्कॅनर तू स्वतः वाचू नकोस. शेजारी कुणाला तरी बसव किंवा लॉग करायला लाव, आणि घरी येऊन शांतपणे बघ. काही स्कॅनर ताशी किलोग्रॅम दाखवतात, ३.६ ने भागलं की सेकंदाचे ग्रॅम मिळतात. दहा टक्के मागेपुढे झालं तर माझं काही म्हणणं नाही.

आता हा आकडा आणि भारावरचा ट्रिम शेजारी ठेवून बघ. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे, कारण दोन्ही आकडे एकेकटे काहीच सांगत नाहीत. हवेचा आकडा कमी, समजा ११०, आणि ट्रिम बराच वर: सेन्सर खोटं बोलतोय, हवा जास्त जातेय आणि तो कमी सांगतोय. हवेचा आकडा बरोबर, १४५, आणि तरीही ट्रिम वर: सेन्सर प्रामाणिक आहे, पेट्रोलच कमी पडतंय, पंप आणि फिल्टर बघ. आणि हवेचा आकडा कमी पण ट्रिम जागच्या जागी: सेन्सर खरं सांगतोय, इंजिनाला खरोखरच हवा कमी मिळतेय. फिल्टर तुंबला असेल, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल. या तिसऱ्या प्रकारात गाडीचा पिकअप तसाच जातो, लोक तसाच सेन्सर बदलतात, आणि नवा सेन्सरही तोच कमी आकडा दाखवतो तेव्हा दुकानदाराच्या नावानं ओरडतात.

आयडलसाठीही एक कामचलाऊ माप आहे: जेवढ्या लिटरचं इंजिन, सेकंदाला साधारण तेवढे ग्रॅम किंवा थोडे जास्त. तुझ्या गाडीला तीन-चारच्या आसपास. हा अगदी ढोबळ आकडा आहे, त्यावरून कुणाला दोषी ठरवू नये.

हा सेन्सर आत कसा असतो ते सांगितल्याशिवाय निवडीबद्दल काही सांगणं व्यर्थ. पूर्वी हवा मोजायला नळीत एक झडप असायची. हवा झडपेला ढकलायची, झडपेच्या दांड्याला लावलेली पत्ती कार्बनच्या पट्टीवर सरकायची, आणि त्यावरून व्होल्टेज मिळायचं. बॉशची ही एल-जेट्रॉनिक पद्धत पोर्श ९१४ मध्ये १९७४ साली आली, आणि ९४४ मध्येही झडपच होती. गाडी रोज ज्या वेगानं चालायची तिथेच पत्ती रोज घासायची, आणि पट्टी नेमकी तिथेच झिजायची. मग जाणते लोक झाकण उघडून आतली पाटी केसभर सरकवत, की पत्ती कोऱ्या जागेवरून फिरेल. मला ही युक्ती मनापासून आवडते. आजच्या सेन्सरमध्ये असं काही करायला जागाच ठेवलेली नाही. पण झडपेची अडचण अशी की ती हवेचं वजन थेट मोजत नसे. डोंगरावर हवा विरळ झाली की वेगळी दुरुस्ती लागे. मग तापलेली तार आली. प्लॅटिनमची तार विजेनं तापवून ठेवायची, हवा तिला गार करते, ती तेवढीच गरम राहावी म्हणून किती वीज लागते ते मोजायचं. विरळ हवा कमी गार करते, त्यामुळे उंचीचा हिशेब आपोआप होतो. तारेवर घाण बसे, म्हणून इंजिन बंद केल्यावर क्षणभर ती लाल होईपर्यंत तापवून घाण जाळून टाकत.

तुझ्या गाडीत तारेऐवजी पातळ फिल्म आहे. सिलिकॉनच्या तुकड्यावर अगदी बारीक पडदा, मधोमध तापवलेला, आणि दोन्ही अंगांना तापमान मोजणारे बिंदू. हवा वाहू लागली की येणाऱ्या अंगाचा बिंदू गार होतो आणि जाणाऱ्या अंगाचा त्या मानानं गरम राहतो. दोघांतला फरक म्हणजे हवेचं माप. यातली हुशारी अशी की इंजिनाच्या झडपांच्या उघडझापीमुळे क्षणभर हवा उलटी आली तर फरकही उलटा होतो, आणि सेन्सरला ते कळतं. तापलेल्या तारेला दिशा कळत नसे.

या पडद्यावर धूळ किंवा तेलाची वाफ बसली की तो झाकला जातो आणि जोराच्या हवेलाही पुरेसा गार होत नाही. म्हणून बिघडलेला सेन्सर बहुधा भारावर कमी सांगतो. पाय पूर्ण दाबल्यावर संगणक ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून आधी शिकलेल्या दुरुस्तीवर चालतो. हवा कमी आहे असं समजून तो पेट्रोल तर कमी सोडतोच, पण भार कमी समजून ठिणगीही आधी पाडतो. इंजिनाला सगळ्यात जास्त सांभाळायची वेळ हीच. तेव्हा दिवा लागून महिनाभर तशीच गाडी पळवू नकोस.

तेल लावलेले कापडी फिल्टर घालावेत की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत एवढंच: तेल बेतानं लावलेलं असेल तर चालतं, पण लोक बेतानं लावत नाहीत. तुझ्या आधीच्या मालकानं तसला फिल्टर घातला असेल तर आधी कागदाचा घाल.

व्होल्टमीटरनं एक परीक्षा होते ती अवश्य कर. वाण्याच्या काट्यात खोट दोन तऱ्हेची असते: रिकामा असताना तो शून्यावर नसतो, किंवा शून्यावर असतो पण पाच किलोला साडेचार दाखवतो. रॅम्पवरची चाचणी दुसरी खोट पकडते. पहिलीसाठी चावी चालू, इंजिन बंद, हवा स्थिर. बॉशच्या या पाच पिनांच्या जातीत पहिली पिन हवेच्या तापमानाची, दुसरीवर १२ व्होल्ट, तिसरी अर्थ, चौथीवर ५ व्होल्ट, आणि पाचवीवर सिग्नल. आपल्या वर्षाच्या वायरिंगच्या नकाशाशी हे ताडून घे. सिग्नल मोजताना काळी सुई गाडीच्या पत्र्याला नको, तिसऱ्या पिनलाच लाव, नाहीतर खराब अर्थचा दोष सेन्सरच्या माथी येईल. वायरला टोचून भोक पाडू नकोस. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकव. हवा स्थिर असताना १.० व्होल्टच्या अगदी जवळ आकडा हवा. आणि दुसऱ्या-चौथ्या पिनवर १२ आणि ५ व्होल्ट येतच नसतील, तर नवा कोरा सेन्सरही मुकाच राहणार. तापमानाची परीक्षा तर आणखी सोपी: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी नुसती चावी फिरवून स्कॅनरवर बघ. आतल्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान दोन-तीन अंशांत एकमेकांशी जुळलं पाहिजे.

एवढं सगळं करून सेन्सरच दोषी ठरला तर आधी तो धुऊन बघायला हरकत नाही. त्यासाठीच मिळणारा फवारा आण. ब्रेक क्लीनर, कार्ब्युरेटर क्लीनर, टूथब्रश, कापसाची काडी यातलं काहीही त्या पडद्याजवळ नेऊ नकोस. लांबून फवार, पूर्ण वाळू दे, मग लाव. कधी महिना-दोन महिने बरं चालतं, कधी काहीच फरक पडत नाही.

आणि आता तुझा मूळ प्रश्न. कोणता घ्यायचा? दिसण्यावरून अजिबात नाही. सगळे सेन्सर सारखेच दिसतात, तेच काळं प्लास्टिक, तोच पाच पिनांचा कनेक्टर, तसेच दोन स्क्रू. फरक आत आहे: किती हवेला किती व्होल्ट, हा आलेख. संगणकाला एकच आलेख शिकवलेला असतो. १९९९ पर्यंतच्या २.५ लिटर बॉक्स्टरला केबलचा थ्रॉटल आणि मोट्रॉनिक ५.२.२ संगणक, तिचा सेन्सर वेगळा. २००० पासून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि मोट्रॉनिक ७.२, तुझी यातली. विक्रेता "सगळ्या ९८६ ला", म्हणजे या पिढीच्या सगळ्या बॉक्स्टरना, "चालतो" म्हणाला तर तिथून उठ. तुझ्या सेन्सरच्या अंगावर बॉशचा ०२८० नं सुरू होणारा दहा आकडी नंबर असेल. तो आणि पोर्शचा पार्ट नंबर, दोन्ही तुझ्या चॅसी नंबरावरून पार्ट्सच्या खिडकीवर पडताळून घे. मध्ये कुणी चुकीचा लावून ठेवला असेल तर नुसतं जुन्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

पोर्शच्या खोक्यातला घ्यावा की बॉशच्या? नंबर तोच असेल तर मी बॉशचा घेतो. फार स्वस्तातल्या, नाव न ऐकलेल्या सेन्सरचं दुखणं असं की ते आयडलला छान चालतात, दिवाही जातो, आणि भारावर आलेख वाकडा निघतो. ते तुला रॅम्पवर गेल्याशिवाय कळत नाही. बॉशच्या नावाचे नकली खोकेही बाजारात आहेत. किंमत नेहमीच्या दुकानापेक्षा निम्म्यानं कमी असेल तर मला कारण सांगायची गरज नाही. विद्युत भाग परत न घेणारी दुकानं इथे पुष्कळ. घेण्याआधी ते विचार. भंगारातल्या गाडीचा सेन्सर म्हणजे दुसऱ्याचा आजार विकत घेणं.

आणि सेन्सर ज्या नळीत बसतो तिला हात लावू नकोस. काही हौशी लोक जास्त हवेच्या आशेनं मोठ्या व्यासाची नळी बसवून त्यात तोच सेन्सर लावतात. सेन्सर पूर्ण हवा मोजत नाही, मधल्या धारेचा एक नमुना मोजतो, आणि बाकीचा हिशेब नळीच्या ठरलेल्या व्यासावर अवलंबून असतो. व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं; तेवढ्याच हवेला धार मंद होते आणि सेन्सर सतरा-एक टक्के कमी सांगतो. म्हणजे पैसे खर्चून आपणच तो दोष निर्माण केला, ज्याच्यासाठी तू मला पत्र लिहायला लावलंस.

बसवताना नळीवरच्या बाणाची दिशा बघ, ओ-रिंग जागेवर आहे का बघ, स्क्रू प्लास्टिकमध्ये आहेत हे विसरू नकोस. नंतर जुनी शिकलेली दुरुस्ती पुसून टाक, नाहीतर संगणक जुन्या सेन्सरच्या चुकीची भरपाई नव्याला लावत बसेल. सॉफ्टवेअरनं पुसता आली तर उत्तम. बॅटरी सोडणार असशील तर आधी रेडिओचा कोड शोधून ठेव, आणि परत जोडल्यावर इंजिन न चालवता, पेडलला पाय न लावता, मिनिटभर नुसती चावी चालू ठेव. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तेवढ्या वेळात आपली जागा शिकतो. मग पुन्हा तोच रॅम्प, तोच गिअर, आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे.

सध्या मला चार गोष्टी पाठव: आयडलचे दोन्ही बाजूंचे ट्रिम, ३,००० चे ट्रिम, पाचव्या पिनचं व्होल्टेज, आणि ऑइलचं झाकण उचलताना काय झालं ते. रॅम्पची चाचणी त्यानंतर. तुझ्या कोडवरून माझा कल गळतीकडे आहे, सेन्सरकडे नाही, पण आकडे आल्याशिवाय मी पैज लावत नाही. शनिवारी सकाळी, तुझ्या वेळेनं नऊच्या आत फोन केलास तर मी घरीच आहे; नंतर काकू मला मंडळाच्या कार्यक्रमाला नेणार आहे.

बाबांना मी काही बोललो नाही. दिव्याचं तूच सांग.

तुझा,
काका

ता. क. सेन्सरचे ते दोन स्क्रू साध्या टॉर्क्सनं निघत नाहीत, त्यांच्या मधोमध खुंटी असते. टोकाला भोक असलेला टी-२० बिट आण. लोक ती खुंटी पकडीनं मोडतात. ते करू नकोस.